खुन्याचं नाव फक्त खुन्याला

स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या माझं लक्ष माइककडे गेलं. तो माझ्या खुणेच्या चार बोटं वर होता.

खूण मीच केली होती, लाल नेलपॉलिशने, स्टँडच्या दांड्यावर. रोज स्क्रू सैल करून उंची जुळवत बसायचा कंटाळा यायचा म्हणून. गोरेगावच्या त्या स्टुडिओत येणारे सगळे जाणून होते की लाल रेघ म्हणजे हेमा धुरू, आणि आपलं काम संपलं की माइक रेघेवर आणून ठेवायचा. पाच वर्षांत ही शिस्त कुणी मोडली नव्हती.

"माइक कुणी हलवला?" मी विचारलं.

काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्ट दळवी मान खाली घालून वायरींशी खेळत राहिला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक मुलगी उठली. उंच, सावळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात कागदांची चळत.

"मी हलवला, ताई. माझी उंची जरा जास्तच झाली," असं म्हणून ती मी तोंड उघडायच्या आत माझ्या पाया पडली.

पाया पडणाऱ्या माणसावर लगेच चिडता येत नाही, ही मोठीच अडचण असते.

तेवढ्यात नाबर आला. नाबर म्हणजे आमचा दिग्दर्शक. माझ्याच वयाचा, गोव्याकडचा, आणि अवघड गोष्ट सांगायची असली की भिंतीकडे बघून बोलणारा. भिंतीकडे बघत त्याने ओळख करून दिली. ही सारिका जोगदंड, परभणीची. ही मार्गिट करून बघते आहे.

मार्गिट कोण हे आता सांगायला हवं, कारण लोक विसरले. मी विसरलेली नाही. २००२ सालच्या आसपास एका मराठी वाहिनीने परदेशी पोलिसी मालिका मराठी आवाजात दाखवायचं खूळ घेतलं होतं. जपानी, जर्मन, इटालियन, सगळ्या देशांचे गुप्तहेर नाबरच्या स्टुडिओत येऊन मराठी बोलायला लागले. त्यात सगळ्यात चालली ती नॉर्वेची मार्गिट. पन्नाशीची, जाड भुवयांची, मोजकं बोलणारी पोलीस इन्स्पेक्टर. बर्फात पडलेल्या प्रेताकडे बघत ती पाठमोरी उभी राहायची आणि म्हणायची, "घाई कुणाला आहे?" मूळ मालिकेत ती नुसता हुंकार द्यायची. पाठमोरी असल्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता, म्हणून मी ते वाक्य घातलं होतं. एकदा दादरच्या बाजारात मी पापलेट ताजं आहे का विचारलं, तर कोळीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, तू ती बर्फातली पोलीस ना गो?" मी त्या दिवशी घासाघीस न करता मासे घेऊन आले.

नाटकात मी पंचवीस वर्षं काढली आणि कायम नायिकेची मावशी राहिले. चेहऱ्याने मला काही दिलं नाही. आवाजाने मार्गिट दिली होती. आता तीही परभणीला जायला निघाली होती.

नाबरचं म्हणणं असं की तिसरं पर्व मागे जातं. मार्गिट सत्तावीस वर्षांची आहे, तिची ही पहिली केस आहे, नटीसुद्धा वेगळी आहे. आवाज तरुण हवा. मी म्हटलं, मी तरुण करते. तो म्हणाला, करून दाखव. आमच्याकडे चित्र तुकड्यातुकड्यांनी समोर येतं, त्या प्रत्येक तुकड्याला लूप म्हणतात. माझ्या वाट्याला जे लूप आलं त्यात तरुण मार्गिट जिना धडाधड उतरत कुणाला तरी हाका मारते. मी माइक माझ्या रेघेवर आणला आणि हाका मारल्या. काचेपलीकडे नाबरने ते दोनदा मागे नेऊन ऐकलं.

"हेमा, दम ऐकू येतो," शेवटी नाबर म्हणाला.

"धावताना दम लागतोच."

"तिला लागत नाही."

मग त्याने दळवीला आणि त्या मुलीला चहाला पाठवलं आणि मला समोर बसवलं. चौथ्या पर्वात मार्गिट पुन्हा पन्नाशीची होणार, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मीच ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, वाहिनीला यापुढे एकच आवाज न्यायचा आहे. या पर्वात जो लोकांना धरून ठेवील तो. पोरीला केस पांढरे करून बोलता येतंय का, ते बघू.

"आणि मी या पर्वात काय करू? घरी बसू?"

"तू सॉल्वेग कर. बेटावरच्या दीपस्तंभात राहणारी म्हातारी. बहात्तर वर्षांची."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. मी उठून पर्स उचलली. तेव्हा त्याने दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "खुनी तीच आहे."

नाबरचा एक नियम होता. खुन्याचं नाव फक्त खुन्याला. बाकीच्या कलाकारांना आपापली पानं मिळत, तीही त्या त्या दिवशीची, आणि शेवटच्या भागाची पानं त्याच्या घरच्या कपाटात असत. तेव्हा फोनवर बोट फिरवून शेवट काढायची सोय नव्हती. खुन्याला आधीपासून ठाऊक हवं, म्हणजे तो लपवील. दुसऱ्या कुणाला कळलं की त्याचा आवाज फुटतो, असं नाबर म्हणायचा. दुसऱ्या पर्वात एका नटाने वाहिनीतल्या ओळखीच्या माणसाकडून नाव काढून घेतलं होतं. बिचाऱ्याचं काम साध्या शेजाऱ्याचं, पण खुन्याला नमस्कार म्हणताना तो कचरला. नाबरने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि त्याचे चारही भाग दुसऱ्याकडून पुन्हा बोलून घेतले.

हे मला त्या वेळी फक्त आठवलं. त्याचा काही उपयोग होईल असं तेव्हा डोक्यात आलं नव्हतं, एवढं मी स्वतःच्या बाजूने सांगू शकते.

काम सुरू झालं. माझी म्हातारी आधी रेकॉर्ड व्हायची. सारिका दुपारी यायची आणि हेडफोनमध्ये माझा आवाज ऐकत त्याला उत्तरं द्यायची. सॉल्वेग गोड होती. बेटावर आलेल्या या कोवळ्या इन्स्पेक्टरला ती रोज घरात बोलवायची, "ये बाळ, बस जरा, दमलीस ना," म्हणायची, कॉफी द्यायची. तिसऱ्या भागात कॉफी ओतता ओतता ती सहज बोलून जाते की त्या दिवशी बेटावरचा डॉक्टर फार उशिरा घरी परतला, तिने खिडकीतून पाहिलं. मी तो गोडवा घशाच्या वरच्या बाजूने काढायची, थोडा खरखरीत, खडीसाखर चघळल्यासारखा. चांगला जमला होता. पण म्हातारी कितीही चांगली जमली तरी म्हातारीच.

आणि काचेच्या त्या बाजूला नाबर त्या पोरीला "वा" म्हणायचा. मला त्याने पाच वर्षांत तीन वेळा "वा" म्हटलं होतं, तिन्ही तारखा मला पाठ होत्या. तिला पहिल्याच आठवड्यात दोनदा. दळवी माझ्यासाठी आल्याचा चहा आणायचा, आता तिला विचारायला लागला की साखर किती. मी माझं काम संपलं तरी काही ना काही निमित्त काढून थांबायची आणि दळवीच्या मागच्या बाकावर बसून तिचं ऐकायची. चूक सापडावी म्हणून ऐकायची. सापडायची नाही, आणि घरी जाऊन मी नवऱ्याला उगाच भाजीवरून बोलायची.

सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं चांगलं वागणं. काम संपलं की ती माइक खाली करून माझ्या लाल रेघेवर आणून ठेवायची. पहिल्या दिवसानंतर एकदाही विसरली नाही. मी त्याला लाळघोटेपणा म्हणायची.

एकदा चहाच्या वेळी मी तिला विचारलं की परभणीत नॉर्वे कुठून शिकलीस. त्यात टोमणा होता, पण तिने सरळ उत्तर दिलं. तिच्या वडिलांचा केबलचा धंदा. घराच्या गच्चीवर मोठ्या छत्र्या, खालच्या खोलीत टीव्हींची रांग. कधी कधी छत्री फिरवताना भलत्याच देशाचे चॅनल लागायचे, आणि दुपारी गल्लीतल्या बाया ते बघायला जमायच्या. भाषा कुणालाच कळत नव्हती. मग ही बारा वर्षांची पोर टीव्हीशेजारी उभी राहून सगळ्यांचे संवाद मनाने म्हणायची.

"जपानी पोलीस बेड्या घालायच्या आधी वाकतो, ताई, त्यानंच चूक केल्यासारखा," ती सांगायला लागली. "इटलीचा साहेब जेवण झाल्याबिगर कुणाला पकडतच नाही. जर्मन लोक दाराला टेकून बोलतात; जो टेकत नाही तो गडबडीत असतो. शब्द कळायचे नाहीत म्हणून आवाजच ऐकायची सवय लागली. कोण खोटं बोलायलंय ते कळायचं. बाया पैज लावायच्या, माझा खुनी बहुतेक वेळा बरोबर निघायचा."

दळवी तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी त्याच मालिकांमध्ये पाच वर्षं बोलत होते. जपानी पोलीस वाकतो हे मी पाहिलं होतं, पण मला त्यातलं एवढंच दिसलं होतं की वाकताना त्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणजे वाक्य लांबवता येईल. मला तिचा हेवा वाटला. असा की जीभ कडू झाली. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं होतं, पोरगी बढाया फार मारते.

चौथ्या भागाच्या दिवशी ते घडलं. वाहिनीतून एक बाई आल्या होत्या, त्यांनी सारिकाचं एक लूप ऐकलं आणि नाबरला म्हणाल्या, हिचा आवाज पुढे म्हातारा करता येईल, नाही का? मी दारातच उभी होते. नाबर भिंतीकडे बघत "हं" म्हणाला.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. खाली टाइल्सचं दुकान होतं, कुणीतरी फरशी कापत होतं. थोड्या वेळाने सारिका डबा घेऊन खाली जायला निघाली. मला वाट देण्यासाठी ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"ये, बस जरा," मी म्हटलं. "दमलीस ना?"

ती माझ्याकडे बघत एक पायरी खाली बसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, तू माझ्या मुलीसारखी आहेस, उपरं वाटून घेऊ नकोस, मोठ्या कलाकारांना सगळं आधीच माहीत असतं आणि तुला मात्र अंधारात चाचपडायला लावलंय, ते मला बघवत नाही. नाबरला कळलं तर माझी काही धडगत नाही, तरी सांगते.

"खुनी डॉक्टर आहे. कुणाला बोलू नकोस."

डॉक्टर का, हे सांगायला नको. माझ्या म्हातारीनेच ते नाव माझ्या तोंडात दिलं होतं. माझा हिशेब सरळ होता. ही आता डॉक्टरशी बोलताना फुटणार. भलत्याच माणसावर फुटणार, म्हणजे प्रसंगाचा पार विचका होणार. नाबर त्या नटासारखं हिला घरी पाठवील, आणि चौथ्या पर्वात मार्गिट मुकाट्याने लाल रेघेपाशी येईल.

सारिका माझ्याकडे बघत राहिली. चांगली दहा-बारा सेकंद. मग डब्याचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, "बरं, ताई."

दुपारी मी बाकावर जाऊन बसले. डॉक्टरच्या चौकशीचं लूप लागलं. मूळ नटी त्यात अगदी सपाट बोलते, सरकारी फॉर्म भरल्यासारखी. सारिकाने तेच शब्द म्हटले, पण त्यात एक बारीक धार आली. "त्या दिवशी तुम्ही घरी किती वाजता आलात?" एवढंच वाक्य. पण ऐकणाऱ्याला वाटावं, हिने याला पकडलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुढचं लूप माझ्या म्हातारीबरोबरचं होतं, त्यात ती पूर्ण विसावली. आईच्या घरी आल्यासारखी बोलली.

नाबरने हात वर केला. दळवीने मशीन थांबवलं. नाबर उठून आत गेला, सारिकाच्या समोर उभा राहिला, आणि या वेळी भिंतीकडे न बघता बोलला. दळवीने माइक चालूच ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"तुला कुणी नाव सांगितलं?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने काचेकडे पाहिलं असतं तरी संपलं असतं. काचेमागे मी आणि दळवी दोघंच होतो.

"कुणी नाही, सर," सारिका म्हणाली. तिने काचेकडे पाहिलं नाही. "मलाच वाटलं की डॉक्टर असावा."

"तुला वाटलं?"

"मार्गिटला वाटलं, सर. पहिलीच केस आहे तिची. म्हातारीनं सांगितलं अन् तिनं ऐकलं."

नाबर हसला. मी त्याला कामाच्या वेळी हसताना पाहिलेलं नव्हतं. बाहेर येऊन तो दळवीला म्हणाला, तिसऱ्या भागापासूनची चौकशीची सगळी लूपं पुन्हा घ्या, अशीच. मूळ मालिकेत ही चूक नुसती कळते, इथे ती लागते. लोकांची खात्री पटेल की डॉक्टरच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हेमा, ऐकलंस ना? चुकीच्या माणसावर संशय असा घ्यायचा असतो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? जो खड्डा मी खणला होता त्यात तिने तुळस लावली होती.

शेवटच्या भागासाठी नाबरने आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. असं कधी होत नसे. प्रत्येकाने एकटं येऊन बोलायचं हीच पद्धत होती. पण त्याला त्या प्रसंगात दोघी समोरासमोर हव्या होत्या. दोन माइक लावले. माझा लाल रेघेवर, तिचा शेजारी, वर. पानं तेव्हाच हातात दिली. मी खुनी आहे हे मला ठाऊक होतं, खून का केला ते मीही त्याच दिवशी वाचलं.

दीपस्तंभात म्हातारीच्या जागी एका तरुण बाईची नेमणूक झालेली असते. तिलाच म्हातारीने कड्यावरून ढकललेलं असतं. बस, एवढंच कारण.

सारिकाने पान वाचलं. खुनी कोण ते तिला आता कळलं, आणि मी तिला खोटं सांगितलं हेही, असं मला वाटलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काहीच हललं नाही.

लाल दिवा लागला. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तरीही तिचा एक शब्दही नटीच्या ओठांवरून घसरला नाही.

"तुम्ही मला रोज कॉफी दिलीत," ती मार्गिट होऊन म्हणाली, "आणि मी डॉक्टरच्या मागे फिरत राहिले."

"चाळीस वर्षं तो दिवा मी लावला," माझी सॉल्वेग म्हणाली. "ती आली आणि आल्या दिवशी तिने माझी शिडी हलवली."

पुढे दोन पानं होती. ती मी कशी बोलले ते मला आठवत नाही. खडीसाखरेचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. माझाच आवाज निघाला, आणि तो शेवटच्या वाक्यावर फाटला. नाबरने दुसरा टेक घेतला नाही. काचेपलीकडून तो "वा" म्हणाला. चौथं "वा". त्याची तारीखही मला पाठ आहे.

पर्व गाजलं. डॉक्टरच खुनी म्हणून लोकांनी पैजा मारल्या आणि हरले. मी रोज धास्तावून होते की सारिका आता नाबरला सांगेल, वाहिनीला सांगेल. ती काही बोलली नाही. दोन महिन्यांनी नाबरचा फोन आला. चौथं पर्व, मार्गिट पन्नाशीची, सोमवारी ये. एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मी पेढे वाटले. कोळणीलासुद्धा दिले. नवऱ्याला म्हटलं, शेवटी आवाज तो आवाज, आणि म्हातारीच्या त्या दोन पानांनी वाहिनीला कळलं की धुरूबाई म्हणजे काय चीज आहे. चौथं केलं, पाचवं केलं. सारिका स्टुडिओत दिसेनाशी झाली, तेव्हा मला हायसं वाटलं. मी जिंकले होते, आणि कशी जिंकले ते विसरायला मला फारसा त्रास झाला नाही.

ही हकिगत तिथेच संपली असती. पण बारा वर्षांनी सारिकाचा फोन आला.

नाबर तोवर सगळं विकून म्हापशाला निघून गेला होता. परदेशी मालिकांचा सुकाळ झाला होता, तुर्की, कोरियन, स्पॅनिश, दर आठवड्याला नवा खून, आणि सारिकाचा अंधेरीला स्वतःचा स्टुडिओ झाला होता. तिच्याकडे एक तुर्की मालिका आली होती. त्यात शेजारीण आहे, ताई, साठीची, तुम्ही कराल का? मी साठीची झालेच होते. काम फारसं येत नव्हतं. हो म्हटलं.

आत गेले तर मध्ये तोच स्टँड. नाबरकडून तिने मागून आणला होता. दांड्यावर माझी लाल रेघ, थोडी टवका उडालेली, आणि माइक बरोबर तिच्यावर. सारिका जाडसर झाली होती, केसांत पांढरं दिसत होतं. पुन्हा पाया पडली. मग आम्ही चहा प्यायलो आणि ती इकडचं तिकडचं बोलत असताना मला राहवलं नाही. बारा वर्षं गिळलेलं होतं ते मी बाहेर काढलं.

"जिन्यात मी तुला खोटं नाव सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी कळलं ना तुला?"

"शेवटच्या दिवशी?" ती म्हणाली. "मला तर जिन्यातच कळलं, ताई."

मी कप खाली ठेवला.

"तोवर तुम्ही माझ्याशी धड दोन शब्द बोलला नव्हता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "त्या दिवशी म्हणालात, ये, बस जरा, दमलीस ना. शब्द तेच, आवाज तोच. महिनाभर माझ्या कानात तीच म्हातारी होती, हेडफोनमधून. अन् तिनंही मला डॉक्टरचंच नाव सांगितलं होतं. मी म्हटलं, ज्या अर्थी ताई या आवाजात खोटं बोलायल्यात, त्या अर्थी ही म्हातारीपण खोटं बोलायलीय. खुनी तीच. तुम्हीच मला नाव सांगितलंत."

खुन्याचं नाव फक्त खुन्याला. मी ते तिला तोंडाने नाही, गळ्याने देऊन टाकलं होतं. म्हणजे डॉक्टरवरची ती धार, म्हातारीपाशी विसावणं, सगळं ठाऊक असून केलेलं. माझ्या विषातून तिने समजून उमजून आपली भूमिका उभी केली होती.

"मग नाबरला सांगितलं का नाहीस? त्याने मला हाकललं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. शेवटचा सीन मला तुमच्यासंग करायचा होता. दुसरी कुणी आली असती तर तसा झाला नसता. त्यात माझाच स्वार्थ होता."

मी खिडकीबाहेर बघत होते. एक प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर मला नको होतं, तरी विचारला.

"चौथ्या पर्वाला नाबरने आधी तुला बोलावलं होतं?"

"बोलावलं होतं."

"मग?"

"म्हटलं, पन्नाशीची बाई मला येत नाही, सर."

"येत होती की."

"येत होती," सारिका म्हणाली. "ते मात्र तुमच्यासाठी केलं."

पेढे आठवले. दोन पर्वं, चार वर्षं, कोळणीचं हसणं, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य माझं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी शेजारीण होण्यासाठी उठले आणि माइकसमोर जाऊन उभी राहिले. एक बोटही उंची बदलावी लागली नाही.

सारिका हेडफोन द्यायला आत आली. तो माझ्या डोक्यावर नीट बसवता बसवता ती कानाशी वाकली.

"तुम्ही खुनी नाही, ताई, तरी तुम्हाला सांगते. या वेळी खरंच डॉक्टर आहे."

माझ्या पानांमध्ये एक डॉक्टर होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून ते वाक्य पुन्हा कानात फिरवलं. त्यात जास्तीचा गोडवा शोधला, कुठे अडखळ, कुठे श्वास. चाळीस वर्षं मी आवाजावर जगले आहे.

"खरं सांगतेस?" मी विचारलं.

"ऐका की," ती म्हणाली आणि काचेपलीकडे जाऊन बसली.

मला काही सापडलं नाही. ती खरं बोलली की खोटं, मला सांगता आलं नाही, आणि पहिल्या दिवशी वाटला होता तसाच, तेवढाच कडू, मला तिचा हेवा वाटला. मग लाल दिवा लागला आणि मी शेजारणीचं पहिलं वाक्य म्हटलं.